तीन मजले, एक मीटर

पडदा वर जातो तेव्हा समोर एक गल्ली दिसते. मोरिवली गाव, सकाळची वेळ. मागे कारखान्यांच्या चिमण्या. आज शुक्रवार, म्हणजे कारखान्यांना सुट्टी, म्हणून धूर नाही. पण आदल्या दिवसाचा कडवट वास गल्लीत तसाच बसून आहे. डावीकडे पिस्त्याच्या रंगाचं तीन मजली घर. ओट्यावर साठीच्या एक बाई सुपात सुकट निवडत बसल्या आहेत. घरासमोर पांढरी मोटार, हिरव्या नंबरपाटीची, विजेवर चालणारी. तिच्याभोवती पन्नाशी उलटलेला एक माणूस फडकं घेऊन घिरट्या घालतो आहे. काच पुसतो, मग बॉनेट, मग दारं, आणि पुन्हा काचेवर येतो. गाडीवर धुळीचा कण नाही. आमच्या नाटकमंडळीत नवख्या नटाला हातांचं काय करावं ते सुचत नसलं, की दिग्दर्शक त्याला पुसायला एक फडकं द्यायचा. या माणसाने ते स्वतःच घेतलं होतं.

तो बाळा भोपी. ओट्यावरच्या सखूबाई, त्याच्या थोरल्या भावाची बायको. आणि मी सकाळीच रिक्षा करून तिथे पोचलो होतो, कारण दर मंगळवारी मला चिखलोलीहून उल्हासनगरला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेणारा बाळा दोन मंगळवार आला नव्हता आणि फोनही उचलत नव्हता.

"काय रे, आजारी-बिजारी होतास की काय?"

"नाय नाना. चार्जिंगचा जरा पंगा झालाय."

"पंगा चार्जिंगचा नाय," सुपातून नजर न काढता सखूबाई म्हणाल्या. "नाना, वायर का गुंडाळून ठेवली ते इचारा त्याला. मी इचारतंय तं तोंड फिरवतंय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक जाड काळी वायर खाली यायची आणि गाडीच्या नाकात जायची. सकाळी कधीही आलं तरी ती दिसायची. आज खिडकी बंद होती.

"बसा नाना, सोडतो तुमाला," बाळा म्हणाला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत दार उघडून उभा राहिला.

बाळाने आमच्या नाटकमंडळीचा टेम्पो चालवायला घेतला तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. नेपथ्य, पेट्या, दिव्यांचे खांब, वर आम्ही पाच-सहा माणसं, असा सगळा संसार घेऊन तो कर्जत, पनवेल, मुरबाड करायचा. शिवमंदिराच्या जत्रेत उघड्यावर प्रयोग असला, तर गर्दीतून टेम्पो मागे घेत थेट रंगमंचाला असा लावायचा, की चार पावलांत पेट्या उतरायच्या. प्रयोग सुरू झाला की इतर ड्रायव्हर ताणून देत. बाळा मात्र थिएटरभोवती चकरा मारत राही. बसलं की कोणीतरी हाक मारतंय असं वाटतं, म्हणायचा. एकदा मी त्याला विंगेत खुर्ची टाकून दिली आणि म्हटलं, आज नाटक बघच. पहिला अंक अर्ध्यावर आला नाही तोच तो उठून टेम्पोचे टायर तपासून आला.

पुढे मंडळी थकली, मंडळ बंद पडलं, आणि बाळाने स्वतःची व्हॅन घेतली. गॅसवरची. आमच्या भागात ड्रायव्हर गॅस म्हणतात तो सीएनजी. पंधरा वर्षं त्याने ती व्हॅन चालवली आणि त्यातला केवढा तरी काळ गॅसच्या रांगेत काढला. कधी पंपावर प्रेशर नाही, कधी टँकर आला नाही, कधी पुढे पन्नास रिक्षा. रांगेतच डबा खायचा, रांगेतच भांडायचं, रांगेतच दोघांची सोयरीक जमलेली त्याने पाहिली. पण बाळासारख्या माणसाला एका जागी उभं राहण्याइतकी मोठी शिक्षा नाही. गॅसच्या दरापेक्षाही रांगेने त्याला जेरीस आणलं होतं, म्हणून त्याने विजेच्या गाडीचं मनावर घेतलं.

शोरूममधल्या पोराने सांगितलं, "काका, किलोमीटरला रुपया. गॅसला चार मोजता ना तुम्ही? विसरा." बाळा खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाणारा नव्हे. त्याने घरी येऊन अल्पेशला विचारलं, आपल्याला लाइट कितीला पडते रे युनिटला? अल्पेश म्हणजे सखूबाईंचा मुलगा, वरच्या मजल्यावर राहणारा, उल्हासनगरात कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. त्याने मोबाइलवर बिल उघडलं आणि दरांच्या रकान्यातली पहिली ओळ वाचून दाखवली. बाळाने तोंडी गुणाकार केला. गणित जमलं. व्हॅन विकली, वर कर्ज काढलं, गाडी दारात आली. सखूबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.

चूक कुठे झाली हे समजायला त्या घराची रीत ठाऊक हवी. तीन मजले, तीन चुली, पण मीटर एकच, तोही बाळाच्या वारलेल्या भावाच्या नावावर. लाइटबिल सखूबाई भरतात, मागच्या चाळीच्या भाड्यातून. घरपट्टी आणि पाणी बाळाकडे. गणपतीचा खर्च बाळा आणि अल्पेश मिळून करतात. कोणाचा किती, हे कोणी कोणाला विचारत नाही. त्यामुळे बाळाने चोपन्न वर्षांच्या आयुष्यात लाइटबिल हातात धरलंच नव्हतं. जितकी जास्त वीज तितका वरचा दर, आणि पहिली ओळ फक्त पहिल्या थोड्या युनिटांची, हे त्याला कोण सांगणार? अल्पेशलाही ठाऊक नव्हतं. त्यानेही ते बिल कधी भरलं नव्हतं.

पहिलं मोठं बिल आलं तेव्हा सखूबाई काही बोलल्या नाहीत. दुसरं आलं तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी बाळाची बायको हंसा हिने त्यांना चाळीच्या भाडेकरूकडून पुढच्या महिन्याचं भाडं आधी मागताना ऐकलं. त्या दिवसापासून बाळाने वायर गुंडाळली.

हे सगळं तो मला गाडीत सांगत होता. पण गाडी चिखलोलीला वळली नाही. ती बदलापूर रस्त्यावरच्या एका पंपावर जाऊन थांबली. तिथे कोपऱ्यात, टायरमध्ये हवा भरतात त्याच्या शेजारी, चार्जिंगचं मशीन होतं. पलीकडे गॅसची रांग रस्त्यापर्यंत आली होती.

"दोन मिनिटं, नाना. म्हणजे, दोन मिनिटं नाय, पाऊण तास लागंल. चालंल ना?"

चालण्याशिवाय इलाज नव्हता. त्याने प्लग लावला. मशीनच्या पडद्यावर आकडे पळू लागले. बाळा गाडीत बसला नाही. मशीनपासून टायरच्या हवेपर्यंत, तिथून परत मशीनपर्यंत, अशा त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरीला पडद्याकडे एक नजर.

"इथं घरापेक्षा महाग आहे ना रे?"

"महाग म्हणजे? इथं किलोमीटरला तीनच्या वर जातंय. वर इथवर रिकामी गाडी आणायची, रिकामी न्यायची. गॅसला चार पडत होते. मंग मी कमावलं काय?"

"आणि घरी?"

"घरी रुपया धरला होता, तो अडीचवर गेला. पण ते अडीच मी कुठं देतो? ते वयनी देते. मी पैशे दिले तर म्हनते, तू माजा भाडेकरू हाय का." त्याने मान हलवली. "आनि मार्केटमधले ते सिंधी टेकचंदशेट, त्यांची गाडी महिन्याच्या बोलीवर हाय ना आपल्याकडं? परवा काय म्हनाले? 'वडी साईं, गॅस तो गया, अब मेरा रेट भी थोड़ा नीचे ला.' गॅस गेला ते सगळ्यांना दिसतं, लाइट कोनाला दिसत नाय."

"मग अल्पेश काय म्हणतो?"

"तो म्हनतो गाडीला वेगळा मीटर घे. गाडीच्या मीटरला एकच दर असतो, कितीबी जाळा, चढत नाय. मंग बरोबर बसतं गणित. त्याने मोबाइलवरून अर्जपन टाकून दिला, मला न इचारता."

"मग झालं की."

बाळा चालता चालता थांबला. "नाना, तुमी शहरातले. आमच्याकडं मीटर वेगळा म्हंजे काय, ते समोरच्या घरात बघा. ते आमचे चुलते. दोघे सख्खे भाऊ. आधी मीटर वेगळे केले, म्हनाले फक्त हिशोबासाठी. दुसऱ्या वर्षी गनपती वेगळे आनले. मंग ओट्यावर मध्ये भिंत घातली. आज एकाच्या पोरीच्या हळदीला दुसरा येत नाय. वयनीने ते सगळं दारात बसून बघितलंय. दादा गेला तवा अल्पेश पाळण्यात होता. तिच्या भावांनी सांगितलं, तुझा हिस्सा काढून घे, मीटर काढून घे. ती म्हनाली, नाय. मी तेव्हा बिनलग्नाचा. मला तिनं भाकरी घातली, लगीन करून दिलं. आता मी तिच्या दाराला मीटर लावू?"

"म्हणून इथे येतोस."

"म्हनून इथं येतो. तर ती म्हनते, वायर गुंडाळली म्हंजे तू मनाने वेगळा झालास. म्हंजे लावला तरी वेगळा, नाय लावला तरी वेगळा." तो पुन्हा चालू लागला. "म्हनून मी ठरवलंय. गाडी इकतो. बदलापूरचा एक जन रविवारी बघायला येतोय. परत गॅसवरची जुनी घेईन. उभा राहीन लायनीत."

त्याने पलीकडच्या रांगेकडे पाहिलं. रांग एका गाडीइतकी पुढे सरकली आणि थांबली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अल्पेश होता. लाइट ऑफिसचा माणूस जागा बघायला घरी आला होता, आणि आईने त्याला दारातच उभं केलं होतं. बाळाने गाडी अर्धवट भरलेली तशीच काढली. वाटेत सिग्नलला त्याची बोटं स्टिअरिंगवर ताशा वाजवत होती.

गल्लीत पोचलो तेव्हा ओट्याखाली एक तरुण, हेल्मेट काखेत धरून, अवघडून उभा होता. अल्पेश दारात, आणि मध्ये सखूबाई. समोरच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चुलत घरांतली माणसं हातातली कामं टाकून बाहेर आली होती. अशी जागा मिळायला आम्ही पूर्वी तिकीट लावायचो.

"कोनाचा मीटर, ते तरी सांगा," सखूबाई म्हणत होत्या.

"गाडीचा, आई. किती वेळा सांगू?" अल्पेश म्हणाला.

"गारीचा? गारीचं काय लगीन झालं, ती वेगळी राहनार? गारी राहते माज्या दारान. मंग तिला येगळा मीटर कनाला?"

"अगं दर कमी लागतो. आता जे बिल येतं ना, त्यातली अर्धी वीज काकाची गाडी—"

"तुना कोनी सांगितलं अर्धी करायला?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि समोरची माणसं एक पाऊल पुढे आली. "तुजा एसी किती खातो ते मी कदी बोलले का? करिष्माचं ते कपडे वाळवायचं मशीन किती खातं, ते बोलले? हंसाचा मिक्सर, माजी टीवी, सगली एका वायरीन येतात. आता एकाची लाइट मोजली का उद्या सगल्यांची मोजायला लागंल."

करिष्मा, अल्पेशची बायको, वरच्या गॅलरीतून वाकून बघत होती, ती आत गेली.

बाळा पुढे झाला. "अल्पेशला बोलू नको, वयनी. चूक माजी हाय. त्या भाऊला जाऊ दे. मीटर नको कोनाला. मी गाडी इकतोय. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

सखूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.  त्या ओट्यावर बसल्या. सूप मांडीवर घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"इकायची होती तं घेतलीस कनाला?"

"चुकलं. बिल वाचता आलं नाय मना."

"ते तुज चुकलं नाय," त्या म्हणाल्या. "मी तुना कदी वाचू दिला नाय. दादा गेला तवा तुज कोवळं वय. मना वाटलं, याने गारी चालवावी, बाकी नको बघू."

 लाइट ऑफिसचा तो तरुण बिचारा मघापासून हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेत होता. तो हळूच म्हणाला, "आजी, एक विचारू? घरपट्टी कोणाच्या नावावर आहे?"

"माज्या."

"मग काकांच्या नावाने मीटर घ्यायचा तर तुमची ना-हरकत लागेल. नाहीतर सरळ तुमच्याच नावाने घ्या. गाडी कोणाची का असेना."

सखूबाईंनी हे मनात दोनदा घोळवलं असावं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मीटर माजा?"

"तुमचाच."

"वर सखूबाई भोपी लिवून येल?"

"येईल की."

त्या उठल्या. समोरच्या भिंतीकडे, तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडे एकदा पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मंग लाव. दारान नको, आत जिन्याखाली लाव. माज्या घरान माजे दोन मीटर."

अल्पेशने सुटकेचा श्वास टाकला. बाळाचा चेहरा मात्र अजून सुटला नव्हता. "वयनी, त्या मीटरचं बिल मी भरनार. धंद्याची गाडी हाय."

"मीटर माजा, बिल माजा."

"असं कसं? मी त्यावर कमावनार आनि तू..."

"तुजी गारी माज्या लाइटवर चालंल. पटत नसंल तं जा, गॅसच्या लायनीन जाऊन उबा राहा." मग त्या तरुणाकडे वळल्या. "तू बस रे बाबा. च्या घेतल्याबिगर जायचं नाय."

बाळा तिथेच उभा होता. मग त्याने खिशातून फोन काढला आणि बदलापूरच्या माणसाला रविवारी येऊ नको म्हणून सांगितलं. बोलताना तो गाडीला तीन प्रदक्षिणा घालून आला.

मीटर लागला. जिन्याखाली, लोखंडी पेटीत. सखूबाईंनी त्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. बिलाचा मेसेज त्यांच्याच फोनवर येतो. त्या अल्पेशकडून भरून घेतात आणि लगेच मेसेज पुसायला लावतात. अल्पेशला ताकीद आहे, काकाला आकडा सांगितलास तर तुझ्या एसीचा हिशोब काढीन.

बाळाचा जीव काही स्वस्थ झालेला नाही. पंधरा वर्षं गॅसच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवलेला माणूस तो. त्याने एकदा जिन्याखाली वाकून पेटीच्या फटीतून युनिटं वाचायचा प्रयत्न केला, तर वरून आवाज आला, "पाठ मोडंल, सरळ हो." मग त्याने उलट बाजूने फेड सुरू केली. वहिनीला बाजारात नेतो, हळदीला नेतो, तिच्या माहेरी नेतो. ती गाडीत मागे बसते आणि उतरताना त्याच्या हातात भाकरीचं फडकं ठेवते, म्हणजे फेडलेलं पुन्हा अंगावर येतं. सकाळी मी गेलो की वायर खिडकीतून नाही, जिन्याखालून आलेली दिसते. बाळा ती काढतो, गुंडाळतो, परत उलगडतो, आणि गाडी चालू करण्याआधी एकदा जिन्याकडे बघतो. मंगळवार मात्र त्याने पुन्हा चुकवलेला नाही.

गेल्या मंगळवारी आम्ही डॉक्टरांकडून परतताना टायरमध्ये हवा भरायला त्याच पंपावर थांबलो. गॅसची रांग नेहमीसारखी रस्त्यावर आली होती. रांगेत बाळाचा स्टँडवरचा जुना सोबती हिंदुराव उभा होता. साताऱ्याकडचा माणूस, भल्यामोठ्या मिशांचा, रिक्षाच्या टपावर कोपर टेकून तंबाखू मळत होता. बाळाला बघताच तो तिथूनच म्हणाला, "या, बाळाशेट. तुमचं बरंय राव, रांग नाय, कटकट नाय. मीबी इचार करतोय इजेची रिक्षा घ्यायचा. पर खरं सांगा, चार्जिंगला किलोमीटरमागं पडतंय किती? गॅसपरीस सोस्त हाय का?"

बाळाने हवेची नळी टायरला लावली, काटा पाहिला, नळी काढली, पुन्हा लावली. मग उठून हात झटकले.

"म्हाइत नाय रे, हिंदुराव. बिल वयनी भरते, ती सांगत नाय."